चाहत्याची साक्ष

गेल्या ८ डिसेंबरला, बीटल्स या इंग्लिश रॉक गटातल्या जॉन लेननच्या स्मृतिदिनी, पुण्यात एका मित्राच्या घरी आम्ही नेहमीप्रमाणे जमलो होतो. तबकड्या ऐकायच्या, चहा प्यायचा आणि बोलत बसायचे, एवढाच या संध्याकाळचा शिरस्ता. या वेळी एका तरुण मित्राने जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मिळालेली आल्बर्ट गोल्डमनलिखित लेननचरित्राची प्रत आणली आणि बघता बघता गाणी मागे पडली. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका पुस्तक हातातही घेईनात. हे चरित्र नसून चिखलफेक आहे आणि ते घरात आणणेच चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर तो तरुण म्हणाला, "काका, तुम्हाला खरं पचत नाही, एवढाच याचा अर्थ." पुढचा तासभर हीच दोन वाक्ये वेगवेगळ्या शब्दांत फिरत राहिली. त्या तासाभरात पुस्तकातले एक पानही कोणी मोठ्याने वाचून दाखवले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

हा वाद दर वेळी याच रीतीने खेळला जातो आणि दोन्ही बाजू त्यात एकच चूक करतात, असे माझे ठाम मत आहे. चरित्र नायकाविषयी चांगले बोलते की वाईट, यावरच दोघेही त्याची पारख करतात. एकाला वाईट बोलणारे चरित्र खोटे वाटते, तर दुसऱ्याला वाईट बोलणारे तेवढेच खरे वाटते. चाहत्याचा अधिकार मला मान्य आहे. किंबहुना रॉक संगीतकाराच्या चरित्राचा सर्वांत कसून घेतलेला हिशेब चाहतेच मागू शकतात, असे मी म्हणेन. मात्र तो अधिकार त्याच्या माहितीतून येतो, दुखावलेपणातून येत नाही. "हे कोणी पाहिले, कोणी सांगितले, कशावरून?" असे विचारणारा चाहता चरित्रलेखनाचा मोठा आधार असतो. "असे लिहिण्याची हिंमत कशी झाली?" एवढेच विचारणारा चाहता मात्र नकळत वाईट चरित्रकाराच्याच पथ्यावर पडतो.

गोल्डमनचे पुस्तक १९८८ साली आले. लेननची हत्या होऊन तेव्हा आठ वर्षेही पुरी झाली नव्हती. सुमारे ७०० पाने आणि १२०० मुलाखतींचा दावा, असा त्याचा पसारा होता. त्यातला लेनन हेरॉइनच्या आहारी गेलेला, हिंसक, खाणेपिणे सोडून न्यूयॉर्कच्या डाकोटा इमारतीतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेला आणि बायकोच्या मुठीत असलेला माणूस होता. जगभरचे चाहते खवळले. लेननचा बीटल्समधला सोबती पॉल मॅकार्टनी याने लोकांना हे पुस्तक विकत न घेण्याचे आवाहन केले. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन संगीत-नियतकालिकाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पुस्तकाची झडती घेणारा दीर्घ लेख छापला आणि पुस्तकात ज्यांचे दाखले होते त्यांपैकी काहींनीच आपले म्हणणे विपर्यस्त झाल्याचे त्यात सांगितले. गोल्डमन १९९४ साली वारला, पण त्या पुस्तकावरचा वाद अजून संपलेला नाही.

काकांच्या विरोधातली बाजू किती भक्कम आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. चाहते आणि वारस यांच्या मर्जीने लिहिलेले चरित्र किती अर्धवट राहते, याचा दाखला खुद्द लेननच देतो. १९६८ साली हंटर डेव्हिसने बीटल्सचे अधिकृत चरित्र लिहिले. त्याविषयी १९७० च्या डिसेंबरमध्ये दिलेल्या मुलाखतीत लेननने सरळ तक्रार केली की, आपल्या बालपणाविषयीचा खरा भाग मावशीने काढायला लावला आणि आपण तो काढू दिला. पुढे २००८ साली फिलिप नॉर्मनने लेननचे मोठे चरित्र लिहिले. लेननच्या पत्नी योको ओनो यांनी त्याला मुलाखती दिल्या होत्या, पण हस्तलिखित वाचल्यावर त्यांनी आपला पाठिंबा काढून घेतला. लेखक जॉनशी निष्ठुरपणे वागला, असे त्यांचे म्हणणे होते. गोल्डमनला उत्तर देणारे 'रोलिंग स्टोन'ही तटस्थ नव्हते. त्याच्या १९६७ च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर लेनन होता आणि संपादक यान वेनर ओनो यांच्या निकटचे होते. प्रेम करणाऱ्यांच्या हाती किल्ल्या असल्या की काही खोल्या बंदच राहतात. आमच्या तरुण मित्राचा राग या बंद खोल्यांवर होता आणि तो अनाठायी नव्हता.

मुद्दा इथेच थांबत नाही. "आम्हाला गाण्यांशी मतलब, माणसाशी नाही" हा बचाव इतर कोणासाठी चालला तरी लेननसाठी चालणार नाही. या माणसाने आपले आयुष्यच गाण्याचा कच्चा माल केला. आईवडिलांनी टाकल्याचे दुःख त्याने १९७० साली अक्षरशः किंचाळून ध्वनिमुद्रित केले आणि हेरॉइन सोडतानाच्या यातनांवर त्याच्या आदल्या वर्षीच गाणे केले. पत्नीला, किंबहुना कोणत्याही स्त्रीला, आपण पूर्वी मारहाण करत होतो, हे त्याने स्वतः १९८० च्या 'प्लेबॉय' मुलाखतीत कबूल केले आहे. तरुणपणी आपण स्त्रियांशी कसे वागलो याला लोकांसमोर सामोरे जायला अजून बरेच वय वाढावे लागेल, असेही तो तिथे म्हणाला. ते वय त्याला मिळाले नाही. मुलाखत झाली सप्टेंबरमध्ये आणि डिसेंबरमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जो माणूस ही कबुली पुरी करण्यासाठी वेळ मागत होता, त्याच्या वतीने आपण ती झाकून ठेवायची, ही त्याच्यावरची निष्ठा कशी म्हणायची? माझ्या मते तो त्याच्या इच्छेचा भंग आहे. पहिली पत्नी सिंथिया आणि मुलगा ज्युलियन यांनी जे सोसले ते एखाद्या चरित्रात वाचून चाहत्याला त्रास होत असेल, तर तो त्रास त्याने सोसावा. त्या दोघांच्या मानाने तो फार थोडा आहे.

मग चाहत्यांना सत्य पचत नाही, हे खरेच का? इथे मात्र आमचा तरुण मित्र चुकतो आणि त्याची चूक एका उदाहरणावरून लख्ख दिसते. लेननच्या आधी, १९८१ साली, याच गोल्डमनने अमेरिकन रॉक गायक एल्विस प्रेस्लीचे चरित्र लिहिले होते. तेव्हाही चाहते संतापले होते आणि तेव्हाही त्यांना भाबडे ठरवण्यात आले होते. पण ग्रील मार्कससारख्या जाणत्या समीक्षकाने त्या पुस्तकावर घेतलेला आक्षेप वेगळाच होता. एल्विस ज्या गरीब, दक्षिणी, गोऱ्या कष्टकरी समाजातून आला त्या समाजाविषयी आणि त्याच्या संगीताविषयी लेखकाच्या मनात तुच्छता आहे, असे मार्कसने दाखवून दिले. नंतर पीटर गुरालनिकने एल्विसचे दोन खंडांचे चरित्र लिहिले. पहिला खंड १९९४ साली आला, दुसरा १९९९ साली. दुसरा खंड म्हणजे सगळी पडझड आहे. गोळ्यांचे व्यसन, एकटेपणा, हुजऱ्यांचा गराडा, बेचाळिसाव्या वर्षी आलेला मृत्यू, यांतले काहीही गुरालनिकने लपवलेले नाही. तरीही हेच चरित्र आज एल्विसच्या चाहत्यांत प्रमाण मानले जाते. व्यसनाचा उल्लेखच चाहत्यांना सोसत नसता तर गुरालनिकलाही त्यांनी झिडकारले असते. त्यांनी झिडकारली ती तुच्छता. तुच्छता ओळखण्याइतके कान त्यांना होते, याला आंधळेपण म्हणता येत नाही.

गोल्डमनच्या लेननचरित्रात नेमके काय चुकले, हे या अंगाने पाहिले पाहिजे. स्टुअर्ट सटक्लिफ हा लेननचा जिवलग मित्र, बीटल्सचा सुरुवातीचा बास वादक. १० एप्रिल १९६२ रोजी हॅम्बुर्गमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो मेंदूतील रक्तस्रावाने गेला. लेननने केलेल्या मारहाणीतून त्याच्या डोक्याला इजा झाली असावी आणि ती या मृत्यूशी निगडित असावी, अशी मांडणी गोल्डमन करतो. हा माणसाच्या माथी मृत्यू मारण्याचा आरोप आहे. त्याला लागणारा पुरावा कानगोष्टीहून कितीतरी जड असायला हवा. डाकोटातल्या शेवटच्या वर्षांसाठी तो ज्यांच्यावर विसंबला त्यांत लेननच्या डायऱ्या चोरल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केलेला एक माजी सहायक होता. अशा माणसाचे म्हणणे घेऊच नये असे मी म्हणत नाही. घरात वावरलेला माणूस पुष्कळ काही पाहतो. पण त्याची साक्ष कुठे घेतली, कशाशी ताडून पाहिली आणि त्याचा हितसंबंध काय होता, हे वाचकाच्या समोर मांडणे हे चरित्रकाराचे कामच आहे. गोल्डमन ही सगळी कसर ठाम सुराने भरून काढतो. लेननच्या मनात त्या क्षणी काय चालले होते हेही तो असे लिहितो, जणू तो खोलीत उभा होता.

इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यात मृत व्यक्तीची बदनामी होऊ शकत नाही, त्यामुळे मेलेल्या गायकाविषयी काहीही छापता येते. आपल्याकडे भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ च्या पहिल्याच स्पष्टीकरणात मृत व्यक्तीवरील आरोपही, आप्तांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला असेल तर, बदनामी ठरू शकतो असे म्हटले होते आणि नव्या न्याय संहितेतही ही तरतूद आहे. तसा कायदा तिकडे हवा होता असे काही चाहते म्हणतील. मला ते मान्य नाही. कायद्याच्या धाकाखाली लिहिलेली चरित्रे किती निर्जीव होतात हे मराठी वाचकाला कोणी सांगायला नको. पण कोर्टाचे दार बंद असेल तर मेलेल्या माणसाच्या बाजूने उलटतपासणी कोण करणार? ती करण्याइतका वेळ, चिकाटी आणि बारीकसारीक माहिती चाहत्यांशिवाय कोणाकडे असते?

ऐकीव आरोपाने काय होते, हे लेननला माहीत असायला हवे होते, कारण एकदा तो स्वतः त्या आरोपाच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. १९६८ च्या वसंतात बीटल्स ऋषिकेशला महेश योगींच्या आश्रमात होते. महर्षींनी एका शिष्येशी गैरवर्तन केल्याची कुजबुज उठली आणि तेवढ्यावर लेनन आश्रम सोडून निघाला. शहानिशा झाली नाही. त्याने महर्षींचे नाव घेऊन गाणे रचले आणि ते नाव गाण्यात राहिले नाही ते केवळ बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहामुळे. हॅरिसन आणि मॅकार्टनी या दोघांनीही पुढे त्या आरोपावर आपला विश्वास नसल्याचे सांगितले. मी लेननचा चाहता आहे आणि ते गाणे मला सुरावटीसाठी अतिशय आवडते. तरी वीस वर्षांनी गोल्डमनने लेननच्या बाबतीत जे केले, त्याच जातीचे काहीतरी लेननने त्या आश्रमातून निघताना केले होते, हे मला नाकारता येत नाही. नियम लावायचा तर तो दोघांनाही लावला पाहिजे.

भक्त आणि पुरावा या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी मराठी गद्याच्या उगमाकडे पाहावे. आपल्या भाषेतले पहिले मोठे गद्य चरित्र, तेराव्या शतकातले लीळाचरित्र, एका भक्ताने लिहिले आहे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने त्यांच्या सहवासात राहिलेल्यांकडून एकेक आठवण गोळा केली. दोन जणांच्या आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा त्यांतली सोयीची निवडून दुसरी पुसून टाकण्याची रीत तिथे नाही. एका प्रसंगाची निरनिराळ्या माणसांनी सांगितलेली निरनिराळी रूपे तिथे नोंदलेली सापडतात. ज्याला म्हाइंभट परमेश्वराचा अवतार मानत होता, त्याच्याविषयी त्याने साक्षीपुरावे गोळा केले, आणि त्यांत स्वामींचे रागावणे, थट्टा करणे, खाणेपिणे, चालणेबोलणे सगळे आले. याउलट अठराव्या शतकातल्या महिपतीच्या भक्तविजयात संतांची चरित्रे भक्तीच्या ओघात वाहतात. ती रसाळ आहेत, माझ्या आजीला त्यांतले कितीतरी अध्याय पाठ होते, पण तिथे "हे कोणी पाहिले?" असे विचारायची जागा नाही. चाहत्याने चरित्र लिहावे की नाही, हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. त्याने म्हाइंभटाच्या वाटेने जायचे की महिपतीच्या, एवढेच ठरवायचे असते.

बीटल्सला त्यांचा म्हाइंभट मिळाला आहे. मार्क लुइसन हा मुळात चाहता. ज्या १९८८ साली गोल्डमनचे पुस्तक आले, त्याच साली लुइसनचे बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांचे दिवसवार दप्तर प्रसिद्ध झाले. ॲबी रोड स्टुडिओतल्या मूळ फिती ऐकून आणि स्टुडिओच्या नोंदी तपासून त्याने ते तयार केले होते. २०१३ साली त्याच्या संकल्पित तीन खंडांच्या चरित्राचा पहिला खंड आला. तो जेमतेम १९६२ च्या अखेरीला येऊन थांबतो, म्हणजे बीटल्स जगप्रसिद्ध होण्याच्या आधीच! या खंडातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. लेननच्या प्रत्येक चाहत्याला ब्लॅकपूलची गोष्ट ठाऊक असते. १९४६ साली पाच वर्षांच्या जॉनला आईवडिलांनी समोरासमोर उभे करून कोणाबरोबर जायचे ते विचारले, त्याने आधी वडील निवडले आणि आई पाठ फिरवून चालू लागताच तो रडत तिच्यामागे धावला, अशी ती गोष्ट. प्रेमाने लिहिणाऱ्यांनी ती लिहिली, द्वेषाने लिहिणाऱ्यांनीही लिहिली, आणि लेननच्या साऱ्या मानसिक जखमांचा उगम तिच्यात शोधला गेला. ज्या घरात हे घडले असे सांगितले जाते, ते लेननच्या वडिलांच्या एका खलाशी मित्राच्या आईवडिलांचे घर होते. तो मित्र, बिली हॉल, तेव्हा तिथे हजर होता. लुइसन त्याच्यापर्यंत पोहोचला आणि हॉलने सांगितले की असले नाट्य घडलेच नाही, आईवडील शांतपणे बोलले आणि मूल आईबरोबर गेले.

ही गोष्ट चाहत्यांची सर्वांत लाडकी होती. ती वाचताना माझे स्वतःचे डोळे अनेकदा भरून आले आहेत. तिचा पाया काढून घेतला तो एका चाहत्याने, आणि कोणीही त्याचे पुस्तक रद्दीत घाला असे म्हटले नाही. कारण त्याने साक्षीदार समोर आणला. असेच दुसरे नाव जॉन वीनर या इतिहासकाराचे घेता येईल. अमेरिकेच्या निक्सन सरकारने लेननला देशाबाहेर काढण्यासाठी जो ससेमिरा लावला होता, त्याची एफबीआय या तपास यंत्रणेची कागदपत्रे मिळवण्यासाठी वीनरने १९८१ साली अर्ज केला. प्रकरण न्यायालयात गेले, १९९७ साली बहुतेक कागद हाती आले आणि शेवटची दहा पाने २००६ च्या डिसेंबरमध्ये मिळाली. पंचवीस वर्षे! लेननविषयी आस्था नसलेला माणूस दहा पानांसाठी इतकी वर्षे झगडला असता, हे मला खरे वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल की हजारो चाहत्यांत एखादाच लुइसन निघतो, बाकीचे नुसता गलका करतात. हे खरे आहे आणि आपल्याकडेही ते आपण पाहिले आहे. १९९० साली सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' आले तेव्हा पु. लं.वर जीव टाकणारे कितीतरी वाचक दुखावले. बायकोने असे लिहावे का, यावर घराघरांत वाद झाले. त्या तुलनेत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडे पाहा. रेव्हरंड टिळकांचा संताप, त्यांचे न सांगता निघून जाणे, १८९५ साली बायकोला अंधारात ठेवून केलेले धर्मांतर, हे सगळे तिथे आहे, आणि ते वाचून टिळकांवरचे कोणाचे प्रेम उणावल्याचे माझ्या ऐकिवात नाही. दोन्ही पुस्तके आत्मकथने आहेत, दोघी स्वतः पाहिलेले आणि सोसलेले सांगतात, म्हणून त्यांची साक्ष पहिल्या प्रतीची आहे. पुढे 'आहे मनोहर तरी' मराठी वाचकाने आपलेसे केले, आणि आज ते वाचून पु. ल. नाकारणारा वाचक मला भेटत नाही. गलका करणाऱ्या वाचकालाही सवड दिली तर तो पुस्तकापर्यंत पोहोचतो. बहिष्काराचे आवाहन ही सवडच काढून घेते. म्हणून मॅकार्टनीच्या दुःखाविषयी पूर्ण आदर राखूनही मला वाटते की, हे पुस्तक घेऊ नका असे सांगण्याऐवजी ते वाचा आणि त्यातले चुकीचे दाखवून द्या, असे त्याने म्हणायला हवे होते. त्या वर्षांत लेननच्या किती जुन्या सोबत्यांना विचारता आले असते! त्यांतले बरेच जण आज हयात नाहीत.

त्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर ती प्रत मी मागून घरी आणली. तिच्या कण्याला चिकटपट्टी लावलेली आहे आणि आत आधीच्या मालकाने बारीक मराठी अक्षरात, पेन्सिलीने समासात टिपा केल्या आहेत. पहिल्या शंभरेक पानांवर "तारीख तपासणे", "हे सांगितले कोणी?", "आधीच्या प्रकरणात उलट म्हटले आहे" अशा नोंदी आहेत. मग हळूहळू प्रश्न कमी होतात आणि "खोटे!" एवढा एकच शब्द येऊ लागतो. काही ठिकाणी तो इतका दाबून लिहिला आहे की मागच्या पानावर त्याचा वळ उठला आहे. डाकोटाच्या प्रकरणांपाशी टिपा थांबतात, पुढची पाने कोरी आहेत. पेन्सिलीला टोक काढून मी तिथून पुढे लिहायला घेतले आहे. प्रत्येक आरोपापुढे साक्षीदाराचे नाव, तो तिथे होता की नव्हता, दुसऱ्या कोणी दुजोरा दिला आहे का. चाळीस पाने झाली आहेत. त्यांत सात ठिकाणी मला "हे खरे असावे" असे लिहावे लागले. येत्या डिसेंबरपर्यंत पुस्तक पुरे झाले तर प्रत काकांच्या हाती द्यायची, असे आम्ही दोघांनी, त्या तरुण मित्राने आणि मी, ठरवले आहे.